गाडी आधी, लायसन नंतर

(वारूळवाडीत दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती काढली आहे, बाकी भाषा वक्त्याचीच ठेवली आहे. शेवटी प्रश्नोत्तरांतला थोडा भाग दिला आहे.)



अध्यक्ष, ग्रामपंचायतीची मंडळी, माझे जुने शिक्षक सहकारी, पालक, आणि खुर्च्या रिकाम्या असताना मागं गाड्यांना टेकून उभी असलेली तरुण मंडळी. पुढं या, जागा आहे. (हशा)

विषय जाहीर झाला तेव्हा एका मित्राचा फोन आला. म्हणाला, "तू इतिहासाचा माणूस. शिवनेरीवर बोल, नाणेघाटावर बोल, जुन्नरच्या लेण्यांवर बोल. पोरं लायसनच्या आधी गाडी चालवतात, त्यात कसला आलाय इतिहास?" मी म्हटलं, त्यातच आहे. जी गोष्ट घरोघरी होते आणि जिची कुठंच नोंद होत नाही, तिचाही इतिहास असतो. तो कागदात कमी आणि माणसांच्या आठवणीत जास्त असतो, एवढाच फरक.

आधी एक करू. वयाची अठरा वर्षं पूर्ण व्हायच्या आधी ज्यांनी मोटरसायकल, ट्रॅक्टर, जीप, काहीही इंजिनाचं चालवलंय, त्यांनी हात वर करा. लाजू नका, इथं आरटीओ नाही. (हशा)

बघा. पुरुषांच्या बाजूला जवळजवळ सगळे. माझाही हात वर आहे. बायकांच्या बाजूला चार-पाच, आणि त्याही सगळ्या तिशीच्या आतल्या. या फरकाकडं आपण नंतर येऊ.

आता मी म्हणालो असतो की, चोरी केलीय त्यांनी हात वर करा, तर एकही हात वर आला नसता. म्हणजे कायद्यानं गुन्हा असलेली ही गोष्ट आपल्या मनात गुन्हा नाही. उलट थोडा अभिमानच आहे. "माझं पोरगं सातवीत ट्रॅक्टर चालवतंय" हे आपण पाहुण्यांना कौतुकानं सांगतो. हा अभिमान आला कुठून? आणि तो आज जीव का घ्यायला लागलाय? आजचं बोलणं या दोन प्रश्नांवर आहे.

कासरा हातात येणं

सुरुवात बैलांपासून करू. इंजिन यायच्या आधी आपल्या शिवारात वाहन म्हणजे बैलगाडी आणि यंत्र म्हणजे मोट. दोन्ही हाकायला पोरं लहानपणीच शिकायची. पण शिकायची कशी, ते नीट आठवा. इथं सत्तरीच्या पुढचे दोन-तीन जण बसलेत, माझं चुकलं तर टोका.

पोराला पहिल्या दिवशी कोणी कासरा देत नव्हतं. आधी बैलांना पाण्यावर न्यायचं, वैरण टाकायची, म्हणजे बैलाची आणि पोराची ओळख व्हायची. मग कुळवावर वजन म्हणून बसायचं. पोरगं बसलंय कुळवावर, हाकतोय बाप, आणि पोराच्या नजरेसमोर सगळं चाललंय. मग बापाच्या शेजारी गाडीत धुरेवर बसायचं. मग कधीतरी मोकळी गाडी, ओळखीची वाट, आणि हातात कासरा, पण शेजारी बाप असायचाच. भरलेली गाडी, ओढ्यातला उतार, बाजारातली गर्दी हे सगळ्यात शेवटी. मोटेवरही तसंच. बैल धावेवरून उतरताना नाड्यावर बसायला मोटकरी पोराला एकदम पाठवत नव्हता.

याला कोणी अभ्यासक्रम म्हटलं नाही, पण तो अभ्यासक्रमच होता. त्याच्या इयत्ता होत्या. वय विचारत नव्हते, पण इयत्ता विचारत होते. "अजून भरली गाडी नको देऊ त्याच्या हातात" असं आजी दारातून ओरडायची, आणि बाप ऐकायचा.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. बैलगाडीला दोन चालक असतात, एक माणूस आणि एक बैल. गाडीवाला झोपला तरी बैल घरी आणून सोडायचे, ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलीय. पुढं खड्डा असला तर बैल बुजतो, समोर लेकरू आलं तर थांबतो. म्हणजे पोराच्या हातात कासरा दिला तरी सगळी जबाबदारी पोरावर नसायची. अर्धी अक्कल बैलाची असायची. आणि वेग किती? तासाला तीन-चार किलोमीटर, म्हणजे सेकंदाला साधारण एक मीटर. चूक झाली तर ती सुधारायला वेळ मिळायचा.

बैलगाडीनंही माणसं मेली आहेत, चाकाखाली पोरं आली आहेत. जुनं सगळं सोनं असं मी म्हणत नाही. मी एवढंच म्हणतो की लहान वयात कासरा देण्यामागं एक व्यवस्था होती. हळू वाहन, शहाणं जनावर, शेजारी मोठा माणूस आणि एकेक इयत्ता. आपला अभिमान तिथून आलाय आणि त्या काळात तो खोटा नव्हता.

अठरा हा आकडा

आता दुसऱ्या बाजूनं या. कायदा कुठून आला?

मुंबईत मोटारगाडी आली १८९८ च्या सुमारास. पहिल्या काही मालकांत जमशेदजी टाटांचं नाव घेतलं जातं. थोड्याच वर्षांत रस्त्यावर घोडे बुजायला लागले, माणसं चिरडायला लागली, आणि १९०४ मध्ये मुंबई प्रांतानं मोटारींसाठी स्वतःचा कायदा केला. बंगालनं त्याच्या आदल्याच वर्षी केला होता. प्रांताप्रांतांचे नियम वेगवेगळे, म्हणून सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानासाठी एक कायदा आला, १९१४ चा मोटार वाहन कायदा. त्यात लिहिलं गेलं की अठरा वर्षांखालच्या कोणीही सार्वजनिक ठिकाणी मोटार चालवू नये.

अठराच का? खुद्द इंग्लंडमध्ये १९०३ च्या कायद्यानं मोटारीसाठी १७ वर्षं ठरवली होती आणि मोटरसायकलसाठी १४. आपल्याकडं १८ आलं. इथं १८७५ च्या सज्ञानता कायद्याची आठवण ठेवायला हवी. त्यानं हिंदुस्थानात माणूस १८ व्या वर्षी सज्ञान होतो असं ठरवलं होतं. करार करायचा, सही करायची, कोर्टात स्वतः उभं राहायचं वय ते. मोटारीचा आकडा या आकड्याशी जुळतो, आणि मला हा सांधा महत्त्वाचा वाटतो. अठरा म्हणजे हात-पाय चालवायचं कौशल्य येण्याचं वय नव्हे. अठरा म्हणजे नुकसान झालं तर ज्याला जबाबदार धरता येतं ते वय. आपण घरी म्हणतो, "त्याला येतंय की चालवायला." कायदा येतंय का एवढंच विचारत नाही. तो विचारतो, घडलं तर निस्तरणार कोण?

१९३९ ला नवा कायदा आला. त्यात अठरा कायम राहिले, ट्रक-बससारख्या वाहतुकीच्या वाहनाला वीस झाले, आणि मालकानं अशा माणसाच्या हाती गाडी देऊ नये हेही लिहिलं गेलं. म्हणजे मालकाला जबाबदार धरणं ही हल्लीची टूम नाही. ती १९३९ मध्येही कागदावर होती. आज लागू असलेला १९८८ चा कायदा १ जुलै १९८९ पासून अमलात आला, आणि त्यातही तेच आकडे आहेत, अठरा आणि वीस.

आता या सगळ्या कायद्यांतला एक शब्द लक्षात ठेवा. सार्वजनिक ठिकाण. वयाची अट आहे ती तिथं. स्वतःच्या वावरात बारा वर्षांच्या पोरानं ट्रॅक्टर फिरवला तर मोटार वाहन कायद्याची वयाची अट तिथं पोचत नाही. कायदा मोटारीसाठी झाला, मोटार शहरातल्या रस्त्यावर होती, शेत त्याच्या डोळ्यासमोर नव्हतंच.

क्लीनरची शाळा

मधल्या काळात आपल्याकडं गाडी शिकायची एक वेगळी शाळा होती, ती विसरून चालणार नाही.

१ जून १९४८ ला पुणे ते अहमदनगर ही पहिली एसटी धावली. नंतर गावोगाव एसटी गेली, ट्रक आले. शेजारच्या नारायणगावात तर तमाशाच्या फडांचे ट्रक. विठाबाईंच्या नावानं हे गाव महाराष्ट्राला माहीत झालं. फड म्हणजे कलावंत, तंबू, पेट्या, कनाती आणि हे सगळं एका रात्रीत पुढच्या गावाला न्यायचं म्हणजे गाड्या आणि ड्रायव्हर आलेच. अशा गाड्यांवर, मालट्रकांवर पोरं लागायची ती क्लीनर म्हणून. काच पुसायची, रेडिएटरमध्ये पाणी घालायचं, चाकाला दगड लावायचा, रिव्हर्स घेताना मागं उभं राहून "येऊ द्या, येऊ द्या" करायचं. उस्तादाच्या शिव्या खात दोन-तीन वर्षं गेली की मग कधीतरी रात्री मोकळ्या रस्त्यावर स्टेअरिंग.

ही शाळा गोड नव्हती. बालमजुरी होती, मार होता, व्यसनं होती. ती परत आणा असं मी मुळीच म्हणणार नाही. पण एक बघा, तिथंही इयत्ता होत्या. गाडी थांबवायला शिकल्याशिवाय चालवायला मिळत नव्हती. दगड लावणारा पोरगा आधी उतार ओळखायला शिकायचा.

पाणी आलं, ट्रॅक्टर आला

मग आपला तालुका बदलला. कुकडी प्रकल्पाची धरणं झाली, येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि आंबेगावात डिंभे. पाणी आलं तसा ऊस आला, द्राक्षं आली, टोमॅटो आला. जिथं वर्षात एक पीक होतं तिथं बारा महिने काम आलं. बैल परवडेनात, ट्रॅक्टर आले. आणि ट्रॅक्टरवर बसणारा माणूस घरातलाच हवा, कारण ड्रायव्हरचा पगार छोट्या शेतकऱ्याला झेपत नाही. पोरगं आहे की मोकळं शाळेतून आल्यावर.

मीही तसाच शिकलो. आठवीत होतो. वडिलांनी मांडीवर नाही, शेजारी मडगार्डवर बसवून शिकवलं. क्लचवर पाय पुरत नव्हता म्हणून मी जवळजवळ उभा राहून दाबायचो. पहिल्या दिवशी बांधावर चढवला. वडील हसले, म्हणाले, "बैल असता तर थांबला असता."

वडील हसत हसत म्हणाले, पण माझ्या आजच्या बोलण्याचं सार त्या एका वाक्यात आहे. बैल थांबतो, इंजिन थांबत नाही. वाहनातली ती अर्धी अक्कल गेली. ट्रॅक्टरच्या मागचा पीटीओचा दांडा मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. शर्टाची बाही त्यात गेली तर "अरे" म्हणायच्या आत हात गेलेला असतो. मडगार्डवर बसलेलं लहान भावंडं एका गचक्यात मागच्या चाकाखाली जातं. मी ज्या जागी बसून शिकलो, ती ट्रॅक्टरवरची सगळ्यात वाईट जागा होती.

म्हणजे झालं काय? लहान वय आपण बैलगाडीकडून घेतलं आणि इयत्ता सोडून दिल्या. आजीचा दारातला आवाज सोडून दिला. पहिल्या दिवशी चालू करायला शिकतो तो पोरगा पंधराव्या दिवशी ट्रॉली जोडून निघतो.

आणि निघतो कुठं? इथं आपल्या वारूळवाडीचा भूगोल येतो. आपलं गाव पुणे-नाशिक रस्त्याला चिकटून, नारायणगावाला लागून. शेत इकडं, घर तिकडं, टोमॅटोचा बाजार पलीकडं. बाह्यवळण झालं तरी शेतातून निघालेल्या गाडीला मोठा रस्ता कुठंतरी लागतोच. मुंबईच्या पोरानं गाडी शिकायची ठरवली तर तो आधी शांत गल्ली शोधतो. आपलं पोरगं बांध ओलांडतं ते थेट महामार्गाच्या तोंडाशी.

एक गैरसमज इथंच काढून टाकू. बऱ्याच जणांना वाटतं, डांबर लागलं की कायदा सुरू. तसं नाही. कायद्यातली व्याख्या अशी आहे की ज्या रस्त्यावर, वाटेवर किंवा जागेत लोकांना जायचा हक्क आहे, ते सार्वजनिक ठिकाण, मग तो रहदारीचा रस्ता असो नसो. म्हणजे पाणंद रस्ता, शिवरस्ता, देवळापुढचं पटांगण, बाजार समितीचं आवार, हे सगळं त्यात येऊ शकतं. कायदा डांबरापाशी सुरू होत नाही, तो बांध ओलांडला की सुरू होतो.

लूना आणि सोळा वर्षं

दुचाकीचा इतिहास थोडा वेगळा आहे, आणि तो आपल्या जिल्ह्याचाच आहे. १९७२ मध्ये पुण्याच्या कायनेटिक इंजिनिअरिंगनं लूना आणली. ५० सीसीचं इंजिन, पायडल, सायकलीची मोठी बहीणच म्हणा. शिक्षक, पोस्टमन, दूधवाले, सगळ्यांच्या घरी लूना आली. आणि घरात आली म्हणजे पोराच्या हातात आली.

कायद्यानं या लहान गाड्यांसाठी एक खिडकी उघडी ठेवली होती. १९८८ च्या कायद्यात आधी लिहिलं होतं की गिअर नसलेली मोटरसायकल सोळाव्या वर्षी चालवता येईल. १९९४ च्या दुरुस्तीनं ते बदललं आणि ५० सीसीपर्यंतची गाडी सोळाव्या वर्षी, असं झालं. लूना त्यात बसायची, बजाजची सनी त्यात बसायची. ही खिडकी म्हणजे कायद्यातली एक इयत्ताच होती. आधी लहान गाडी, मग मोठी.

पण बाजारानं ती इयत्ता पुसून टाकली. ५० सीसीच्या गाड्या दुकानातून गेल्या. २००१ मध्ये आलेली अॅक्टिव्हा १०२ सीसीची होती, मर्यादेच्या दुप्पट. आज पोरांच्या हातात दिसते ती १०० ते १५० सीसीची गाडी. सोळा वर्षांची तरतूद पुस्तकात आहे, पण तिच्यात बसणारी पेट्रोलची गाडी शोधून सापडत नाही. "सर, मोपेड सोळाला चालते ना?" असं विचारणारे पालक मला अजून भेटतात. दारात अॅक्टिव्हा असते. ती मोपेड नाही, तिला अठराच लागतात.

आता मघाच्या त्या हातांकडं येऊ. बायकांच्या बाजूला चार-पाचच हात वर का आले? कासरा मुलाला मिळायचा, मुलीला नाही. ट्रॅक्टरही तसाच. गिअर नसलेल्या स्कूटर आल्या तेव्हा कुठं मुलींच्या हातात चावी आली. दुसरीकडं, मुलींना अहिल्यादेवी होळकर योजनेत बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे. त्यामुळं अनेक घरांत चित्र असं दिसतं की मुलगी एसटीनं शाळेला जाते आणि तिचाच भाऊ दहावीत असताना मोटरसायकलवर. मुलाला पासात फक्त सवलत आहे, शिवाय मित्रांत एसटीनं येणं कमीपणाचं. मुलीच्या बाबतीत आपण जी काळजी घेतो, ती मुलाच्या बाबतीत घेतली तर आपल्याला लाज का वाटते?

एक चावी

आता जे सांगतो ते इतिहास नाही, पण ते सांगितल्याशिवाय हे व्याख्यान द्यायचा मला अधिकार नाही.

गोष्ट १९९० च्या दशकातली. एका गावात मी शिक्षक होतो. गावाचं नाव सांगत नाही. दहावीच्या वर्गात एक मुलगा होता, हुशार, कामसू. एकदा तपासलेल्या उत्तरपत्रिका मी घरी विसरलो. तास चालू. मी खिशातून माझ्या गाडीची चावी काढली आणि त्याला म्हटलं, "जा रे, घेऊन ये पटकन." पंधरा मिनिटांत आला. मी सगळ्या वर्गासमोर म्हणालो, "बघा, असा पाहिजे मुलगा." त्यानंतरही दोन-तीनदा पाठवलं.

चार महिन्यांनी तो चुलत्याची मोटरसायकल घेऊन निघाला, जोडरस्त्यावरून मोठ्या रस्त्याला लागताना ट्रकखाली आला. जागीच गेला. पंधरा वर्षं पूर्ण होती त्याची.

त्या दिवशी गाडी माझी नव्हती, चावी मी दिली नव्हती. कायद्यानं माझ्याकडं कोणी बोट दाखवलं नाही. दहाव्याला गेलो तेव्हा त्याचे वडील माझ्याशेजारी बसले. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "सर, तुम्ही पण गाडी द्यायचा ना त्याला. मला वाटलं, सर देतात म्हणजे येतंय त्याला."

(वक्ते थोडा वेळ थांबले.)

मी त्याला चालवायला येतं का ते पाहिलं होतं. मोठ्या रस्त्याला लागताना उजवीकडं किती लांब बघायचं, ट्रकचा वेग कसा ओळखायचा, हे त्याला येतं का, ते मी पाहिलंच नव्हतं. साठच्या वेगानं येणारं वाहन एका सेकंदात सोळा-सतरा मीटर पुढं येतं. तुम्ही "बसेल का गाडी?" असा विचार करेपर्यंत ते येऊन ठेपतं. हात-पाय चालणं ही पहिली इयत्ता. मी त्याला पहिलीत पास केलं आणि थेट दहावीच्या परीक्षेला बसवलं.

चावी कोणाची?

कायद्यानंही शेवटी चावीकडं बोट दाखवलं. १ सप्टेंबर २०१९ पासून मोटार वाहन कायद्यात कलम १९९ क लागू आहे. अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत लायसन नाही. मला माहीतच नव्हतं, किंवा मी पुरेशी काळजी घेतली होती, हे सिद्ध करायची जबाबदारी पालकावर.

१९ मे २०२४ ला पुण्यात कल्याणीनगरला १७ वर्षांच्या मुलाच्या पोर्शे गाडीखाली दोन तरुण अभियंते गेले. बालन्याय मंडळानं जामिनाच्या अटींत ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितला, आणि साऱ्या देशात संताप झाला. आपणही पारावर बसून बोललो. श्रीमंताची पोरं, बिल्डरचा पैसा. बरोबर होतं ते. पण पारावरून उठून आपण आपल्या पोराला म्हणालो, "जा रे, गाडी घेऊन दूध घालून ये." गाडीची किंमत वेगळी, पण चावी देणारा हात तसाच.

पैशाचंही सांगतो. लायसन नसलेल्या पोराच्या हातून अपघात झाला तर विमा कंपनी भरपाई भरते आणि ती मालकाकडून वसूल करू शकते, हे न्यायालयांनी अनेकदा मान्य केलंय. शेतकऱ्याकडून वसूल करायचं म्हणजे काय विकायला लागतं, ते तुम्हाला सांगायला नको.

मग जगात शेतकऱ्यांनी यावर काय केलं? दोन वाटा दिसतात. अमेरिकेच्या कॅन्ससमध्ये शेतीच्या कामासाठी चौदाव्या वर्षी मर्यादित परवाना मिळतो. म्हणजे त्यांनी मुलगा चालवतो हे मान्य केलं आणि त्याला नियमांत आणलं. ब्रिटननं वेगळं केलं. १९५८ च्या नियमांनी त्यांनी शेतातच हात घातला आणि तेरा वर्षांखालच्या मुलानं शेतीकामाच्या ट्रॅक्टरवर चालवायलाच काय, बसायलाही बंदी केली. १९९८ च्या नियमांत ती कायम आहे. त्यांचीही शेती घरचीच होती आणि त्यांच्याही घरी ड्रायव्हरला पैसे नव्हते. पण चाकाखाली गेलेली पोरं मोजल्यावर त्यांनी शेताच्या आतही रेघ ओढली.

आपल्याकडं बालमजुरीच्या कायद्यात २०१६ ला दुरुस्ती झाली. शाळा सुटल्यावर घरच्या कामात मदत करायला मुलाला मुभा आहे, पण धोक्याच्या कामात नाही. ट्रॅक्टर धोक्याचा आहे की नाही, हे आपल्याला कोणी दिल्लीहून सांगायची गरज नाही.

मी काय मागतोय? पोरांना शिकवू नका असं नाही. इयत्ता परत आणा. तेराच्या आत ट्रॅक्टरवर कोणी चढायचं नाही, मडगार्डवर तर कोणत्याच वयात नाही. त्यानंतर शिकवायचं तर आपल्याच वावरात, सपाट जागी, ट्रॉली नाही, पीटीओ बंद, आणि मोठा माणूस हाकेच्या अंतरावर. पहिल्यांदा थांबवायला शिकवा, मग चालवायला. बांध ओलांडायचा नाही. पाणंदीलाही नाही. अठरा झाले की लर्निंग, मग पक्कं लायसन, आणि मगच मोठा रस्ता. चावी खिळ्याला टांगायची नाही, खिशात ठेवायची.

आणि पंचायतीकडं एक मागणं. मुलं गाडी काढतात त्याचं एक कारण शाळा-कॉलेजच्या वेळेला एसटी नसणं हेही आहे. ती वेळ जुळवून मागा, लेखी मागा, पाठपुरावा करा. नुसतं "गाडी नको" म्हणून पोरगं शाळेत पोचत नाही.

बैलगाडीच्या काळात आजी दारातून ओरडायची, "अजून भरली गाडी नको देऊ." तो आवाज आपल्या घरात परत यावा, यासाठी मी आज इथं आलो.

प्रश्नोत्तरांतून

एक शेतकरी: सर, बोलायला सोपं आहे. टोमॅटो तोडला की त्याच दिवशी बाजारात पोचला पाहिजे. घरात मी एकटा, पोरगं सोळाचं. मग काय करायचं?

वक्ते: नाना, तुमची अडचण खरी आहे. पण तुमच्या पाणंदीला पाच-सहा जणांचा टोमॅटो असेल. एका लायसनवाल्याच्या गाडीत सगळ्यांचा माल, भाडं वाटून. पूर्वी सावड करायचोच ना आपण? बैल नसलेल्याला दुसऱ्याचा बैल मिळायचा. गाडीचीही सावड करा.

एक महिला: सर, माझा मुलगा म्हणतो, बॅटरीवरच्या सायकलला लायसन लागत नाही.

वक्ते: ताई, अर्धं खरं आहे. मोटर २५० वॅटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल, तर नियमांप्रमाणं तिला मोटार वाहन मानत नाहीत. पण दिसायला तशाच आणि पळायला पन्नासनं, अशाही गाड्या आहेत. त्यांना लायसनही लागतं आणि अठराही. घेताना दुकानदाराकडून वॅट आणि वेग लेखी घ्या. आणि लायसन लागत नाही म्हणजे हेल्मेट लागत नाही, असं डोक्याला कोणी सांगितलेलं नसतं.

मागे उभा असलेला एक तरुण: सर, मला सतरा वर्षं दहा महिने झालेत. दोन महिन्यांनी असा काय फरक पडणार?

वक्ते: (हसून) अंगात काहीच पडणार नाही. कागदावर एवढाच पडेल की काही झालं तर तुझ्या नावावर येईल, तुझ्या बापाच्या नाही. दोन महिने थांब. आज घरी कशानं आलास?

तरुण: गाडीनं.

वक्ते: मग चावी वडिलांना दे. इथंच बसलेत ना ते? जाताना तू मागं बस.